वाहत्या पाण्याची साक्ष



भंडाऱ्याहून साकोलीच्या वाटेला लागलात की गाव मागे पडता पडता कारध्याचा पूल येतो. पुलाखाली वैनगंगा. सिवनीकडच्या डोंगराळ मुलखात उगम पावलेली ही नदी बालाघाट आणि गोंदिया ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते, पवनीवरून पुढे चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात उतरते, वर्धेला भेटते, प्राणहिता हे नाव घेते आणि अखेर गोदावरीला मिळते. आपल्या धानाच्या बांध्यांतून सुटलेले पाणी शेवटी दक्षिणेच्या गंगेपर्यंत जाते ते असे. पण आज मला भूगोल सांगायचा नाही.

या पुलावर घटकाभर उभे राहा आणि नदीकाठी माणसे काय काय करतात ते नुसते आठवून पाहा. कार्तिकाच्या थंडीत पहाटे कुडकुडत स्नान करणाऱ्या आजीबाई. डोंगा घेऊन जाळे टाकायला निघालेला ढिवर. धुणी धुणाऱ्या बाया. वाजतगाजत आलेले गणपती. आणि एखाद्या सकाळी मुकाट्याने राख घेऊन आलेली चार माणसे. बारशाच्या घुगऱ्यांपासून अस्थींपर्यंत नदी काही आपला हात सोडत नाही.

आता याच काठावर आणखी एक दृश्य डोळ्यांपुढे आणा. वीस-पंचवीस माणसे वाळूवर उभी आहेत. गाणे चालू आहे. एक तरुण, अंगात साधे पांढरे कपडे, पाण्यात उतरतो. कमरेइतक्या पाण्यात त्याच्याआधीच एक वडीलधारे गृहस्थ उभे आहेत. ते त्याला काहीतरी विचारतात. तो उत्तर देतो. काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग ते त्याला पाठीशी हात देऊन मागे वाकवतात. क्षणभर त्याच्या डोक्यावरून पाणी जाते. लगेच तो वर येतो. नाकातोंडातले पाणी पुसतो, हसतो, बहुधा थोडा रडतोही. झाला विधी. याला बाप्तिस्मा म्हणतात.

देवळाच्या, चर्चच्या भिंती सोडून उघड्या आभाळाखाली, वाहत्या पाण्यात हा विधी करण्याची ओढ माणसाला का असावी, आणि त्यात पणाला काय लागते, एवढाच आजचा विषय. मी इथे कुणाच्या धर्माची वकिली करायला बसलेलो नाही, की कुणाच्या श्रद्धेला नावे ठेवायलाही नाही. नदीकाठी राहणाऱ्या माणसाने नदीकाठच्या एका विधीकडे शेजाऱ्याच्या नजरेने पाहावे, इतकेच.

प्रथम शब्द पाहू. बाप्तिस्मा हा शब्द मुळात ग्रीक. त्याचा अर्थ बुडवणे. यार्देन नदीच्या काठी योहान नावाचा विरक्त पुरुष लोकांना पश्चात्ताप करायला सांगत असे आणि नदीत बुडवून काढीत असे. येशूही त्याच्याकडे आला आणि त्याने त्याच्या हातून बाप्तिस्मा घेतला, असे शुभवर्तमान सांगते. म्हणजे या विधीचा जन्मच उघड्यावरचा. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी लिहिलेले ‘डिडाखे’ नावाचे एक छोटेसे पुस्तक आहे. ते शतकानुशतके हरवलेले होते. त्याची जुनी प्रत १८७३ साली सापडली. त्यातली सूचना मोठी व्यवहारी आहे. शक्य तर वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्या. ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात द्या. थंड पाणी चालत नसेल तर कोमट घ्या. आणि पुरेसे पाणी नसेलच, तर डोक्यावर तीनदा ओता. पाहिलेत? पहिली पसंती वाहत्या पाण्याला. पण पाणी नाही म्हणून कुणाला परत पाठवायचे नाही.

पुढे चर्चच्या इमारती झाल्या, बाप्तिस्मा आत गेला. तान्ह्या बाळांना तो मिळू लागला. बाळाला नदीत कोण बुडवणार? मग दगडी कुंड आले, कपाळावर पाणी शिंपडणे आले. आपल्या भंडाऱ्यात एकोणिसाव्या शतकात जे मिशन आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. त्यांच्या पंथात पाणी शिंपडण्याचीच चाल. तेव्हा भंडाऱ्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत आजोबांच्या बाप्तिस्म्याची आठवण विचारलीत तर ती नदीची असण्यापेक्षा चर्चमधल्या पाण्याच्या भांड्याची असण्याचाच संभव अधिक.

मग नदी परत कुठून आली? ती आली एका हट्टातून. सोळाव्या शतकात युरोपात काही लोक म्हणू लागले की, बाळाला काय कळते? ज्याला समज आली, ज्याने आपल्या तोंडाने होय म्हटले, त्याचाच बाप्तिस्मा खरा. ऐकायला किती साधी गोष्ट! पण त्या काळी बाळपणीचा बाप्तिस्मा म्हणजे धर्म, राज्य, वतन, सगळ्याची नोंद होती. तो नाकारणे म्हणजे राजद्रोह. झूरिक शहरात फेलिक्स मांझ नावाच्या माणसाला, प्रौढांना पुन्हा बाप्तिस्मा देतो या अपराधाबद्दल, १५२७ सालच्या जानेवारीत लिमात नदीत बुडवून मारण्यात आले. पाण्यासाठी हट्ट धरलास ना, मग घे पाणी, असा तो क्रूर न्याय.

अशा छळातूनही विचार टिकला. १७०८ साली जर्मनीत श्वार्त्सेनाउ गावाजवळ एडर नदीत आठ माणसांनी याच रीतीने बाप्तिस्मा घेतला. पहिल्याला पाण्यात कोणी बुडवायचे हे त्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवले, आणि चिठ्ठी कोणाच्या नावाची निघाली ते कधीही सांगायचे नाही असा आपसांत करार केला. पुढे कोणी आमच्या पंथाला त्या माणसाचे नाव देऊ नये, म्हणून. आज तीनशे वर्षांवर होऊन गेली, ते नाव कोणाला ठाऊक नाही. आपल्याला हे सगळे दूरदेशीचे वाटेल. पण त्याच आठ जणांच्या परंपरेतले मिशनरी विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याच महाराष्ट्रात, डहाणूच्या बाजूला येऊन राहिले. त्यांच्या पंथाची रीत अशी की, माणसाने पाण्यात गुडघे टेकायचे आणि पाळकाने त्याला पुढच्या बाजूला तीनदा बुडवायचे.

आता आपल्या देशातली गोष्ट. बंगालमध्ये हुगळीच्या काठी श्रीरामपूर आहे. तेव्हा ते डॅनिश लोकांच्या ताब्यात होते. तिथे विल्यम कॅरी नावाचा इंग्रज मिशनरी राहत असे. मराठी माणसाला हे नाव परके नको. कारण मराठीचे व्याकरण १८०५ साली आणि मराठीचा कोश १८१० साली ज्याने छापला तोच हा कॅरी. मराठीच्या कामात त्याचे मदतनीस होते वैजनाथ पंडित, आणि ते होते आपल्या नागपूरकडचे. त्या मराठीला नागपुरी वळण आहे असे जाणकार म्हणतात, ते त्यामुळेच.

त्या श्रीरामपुरात कृष्ण पाल नावाचा एक सुतार होता. त्याचा हात निखळला. मिशनमधल्या डॉक्टरने तो बसवून दिला. येणे-जाणे वाढले, बोलणे वाढले. १८०० सालच्या डिसेंबरात एके दिवशी कृष्ण पाल मिशनऱ्यांच्या पंगतीला बसून जेवला. झाले! गावात हलकल्लोळ उडाला. लोकांनी त्याला धरून अधिकाऱ्यापुढे नेले. अधिकाऱ्याने अपराध काही नाही म्हणून सोडून दिले. आणि २८ डिसेंबरला, रविवारी, हुगळी नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच पाण्यात त्याच्याआधी कॅरीचा स्वतःचा मुलगा फेलिक्स उतरला होता. काठावर डॅनिश गव्हर्नर उभा होता. पोर्तुगीज होते, हिंदू होते, मुसलमान होते.

या प्रसंगी कॅरीने बंगालीत जे सांगितले त्यातला एक मुद्दा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तो म्हणाला की, ही नदी आम्ही पवित्र मानतो म्हणून इथे आलो असे समजू नका; हे नुसते पाणी आहे. गंगेच्या काठी उभे राहून असे बोलणे म्हणजे केवढे धाडस! आपल्यापैकी पुष्कळांना ते रुचणारही नाही. ज्यांची आई गंगा, त्यांना ‘नुसते पाणी’ कसे रुचावे? पण त्या बोलण्यात एक सरळपणा आहे. पाणी जादू करते असे तो म्हणत नव्हता. जे घडायचे ते माणसाच्या मनात घडते आणि पाणी त्याला साक्षी असते, एवढेच त्याला म्हणायचे होते.

आणि दुसरी गोष्ट अशी की, गाव खवळले ते बाप्तिस्म्यावर नव्हे, जेवणावर. पंगत आधी आली, पाणी मागून आले. ही गोष्ट मी पुन्हा सांगणार आहे.

एकूण हा विधी नदीत करायचा म्हणजे थोडी तयारीही लागते. पावसाळ्यात नदीचे नावच घ्यायला नको. दिवाळीनंतर पाणी निवळते, ओढ कमी होते. आधी एखाद्या जाणत्याने काठी टेकत टेकत ठाव घ्यावा लागतो. खाली वाळू आहे की गाळ, खड्डा कुठे आहे, शेवाळाचा दगड कुठे आहे. पाणी कमरेइतके हवे. फार उथळ असले तर माणूस पुरता बुडत नाही. फार खोल असले तर बुडवणाऱ्याचाच पाय सुटायचा. कपडे जाड हवेत, भिजल्यावर अंगाला चिकटणारे नकोत. काठावर बायकांना कपडे बदलायला लुगड्यांचा आडोसा हवा. पोहता येणारा एक माणूस जवळ हवा. पौलाच्या शिकवणीप्रमाणे पाण्याखाली जाणे म्हणजे जुन्या माणसाला पुरणे आणि वर येणे म्हणजे नव्याने उठणे. कल्पना एवढी मोठी. पण तिचा सारा भार दोन माणसांच्या चार पायांवर आणि नदीच्या तळावर असतो. मला हे फार आवडते. चर्चमधल्या कुंडाचा तळ पायाने चाचपावा लागत नाही.

उघड्यावरच्या विधीची खरी कसोटी मात्र नदीच्या तळाची नसते, काठाची असते. काठावर कोण उभे आहे? आई उभी आहे का? भाऊ उभा आहे का? की ते घरी दार लावून बसले आहेत? भिंतीआड घेतलेले व्रत चारचौघांत कळायला वेळ लागतो. नदीत घेतलेले व्रत गावाला त्याच दिवशी कळते. सगळ्यांदेखत होय म्हटले की ते मागे घेता येत नाही.

इथे मला रेव्हरंड टिळकांची आठवण होते. नारायण वामन टिळक राजनांदगावला नोकरीसाठी निघाले असताना आगगाडीत त्यांना अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. दोघांचे बोलणे काव्यावरून धर्मावर गेले, आणि निरोप घेताना वॉर्डनी त्यांच्या हातात नवा करार ठेवला. नागपूरकडून राजनांदगावला जायचे म्हणजे वैनगंगा ओलांडावीच लागते. टिळकही आपल्या या मुलखातून, याच नदीवरून गेले. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. नदीत नव्हे, चर्चमध्ये. पण बातमीला भिंती नसतात. घरी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्या सगळ्या कहाणीचे शब्द त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहेत, ज्यांनी वाचली नसतील त्यांनी जरूर वाचावीत. लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी, १९०० साली. नवऱ्याच्या मागोमाग नव्हे, आपल्या पायांनी. आणि त्याच्याही आधी त्यांनी मनाशी एक निश्चय केला होता, तो पाण्याचाच: यापुढे जात पाहून कुणाच्या हातचे पाणी नाकारायचे नाही. हुगळीकाठी पंगत आधी आली, इथे पाण्याचा तांब्या आधी आला. बाप्तिस्म्याचे पाणी दोन्हीकडे मागून आले.

याच टिळकांनी १९१७ साली, आयुष्याच्या अखेरीस, ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. ज्याने बाप्तिस्म्यासाठी घरदार पणाला लावले, त्यानेच शेवटी म्हटले की पाणी हे कुंपण नव्हे. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते गेले.

आता केडगावला चला. दौंडजवळचे हे गाव पंडिता रमाबाईंच्या ‘मुक्ती’मुळे जगाला ठाऊक झाले. तिथून जवळच भीमा वाहते. मुक्तीमधल्या बायका-मुली बैलगाड्यांत बसून, गाणी म्हणत, भीमेवर बाप्तिस्म्याला जात. आपला त्याच्याशी संबंध असा: १८९६-९७ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून कळलेला नव्हता. त्यांचे आईवडील आणि बहीण १८७०च्या दशकातल्या दुष्काळाच्या दिवसांत, वणवण करताना गेली होती. मध्य प्रांतातली वार्ता कळताच त्या स्वतः निघाल्या आणि शेकडो निराधार मुली, बाया घेऊन परतल्या. भीमेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्यांत मध्य प्रांतातल्या लेकीही होत्या.

इथे एक प्रश्न मनात येतो, आणि तो टाळू नये. भुकेने अर्धमेल्या मुलीला कोणी अन्न दिले, वस्त्र दिले, अक्षर दिले, आणि मग तिने त्याच माणसाच्या देवाला होय म्हटले, तर ते होय तिचे म्हणायचे का? हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला. १८९३ साली शारदासदनातल्या मुलींवर धर्माचा प्रभाव पडतो म्हणून पुण्यात वादळ उठले होते आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या होत्या. प्रश्न विचारणाऱ्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही. पण दुसरी बाजूही आहे. त्या मुलींना दुष्काळात कोणी विचारले होते? विधवा म्हणून केशवपन करताना कोणी विचारले होते? आठव्या वर्षी लग्न लावताना? होय म्हणण्याची पाळी जिच्यावर जन्मात कधी आली नाही, तिला पाण्यात उभे करून कोणीतरी ‘तुझी इच्छा आहे का?’ असे विचारतो, हेही काही कमी नाही. उत्तर किती तिचे आणि किती उपकाराचे, हे एकट्या तिलाच ठाऊक.

रमाबाईंनी स्वतःविषयी जे लिहून ठेवले आहे ते इथे उपयोगी पडते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात, वाँटिज इथे झाला. पण त्या सांगतात की, तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे; तो सापडायला पुढे कैक वर्षे जावी लागली. इतकी विद्वान बाई, आणि तिचेही पाणी आधी, उमज मागून. तेव्हा होय हा शब्द एकदा उच्चारला म्हणजे संपला असे नाही. तो पुढे रोज म्हणावा लागतो. बाप्तिस्मा एकदाच, त्याचे निस्तरणे जन्मभर.

उघड्या आभाळाखाली, हजारोंच्या देखत मन बदलल्याचे सांगणे आपल्या भागाला नवे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. दोनच वर्षे आधी, १९५४ साली, ते आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते आणि हरले होते. नागपूरच्या त्या मैदानावर नदी नव्हती. बावीस प्रतिज्ञा होत्या, आणि त्या एका आवाजात म्हणणारे लोक होते. पण पाण्याचा संबंध नव्हता असे कसे म्हणू? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, तेव्हाच त्या दीक्षेची वाट सुरू झाली होती. तळ्यावर हक्क आधी, दीक्षा मागून. पाहा, पुन्हा तोच क्रम! आणि आपल्या पवनीला, वैनगंगेच्या काठी, जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध स्तूप हाती आला. याच नदीच्या काठी माणसे फार पूर्वीही आपल्या मनाने एखाद्या वाटेला शरण गेली होती.

जिथे माणसाला घाटावर उतरू देत नव्हते, तिथे सर्वांच्या पाण्यात सर्वांसोबत उभे राहणे हीच एक मोठी गोष्ट होती, मग तोंडात मंत्र कोणताही असो. नदीला वरचा घाट आणि खालचा घाट माणसाने पाडून दिला. पाणी काही ते मानीत नाही. वरच्या घाटाला शिवलेले तेच खालच्या घाटाला येते.

आपल्या घटनेच्या २५व्या कलमाने प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. धर्म पाळण्याचे, त्याचा प्रसार करण्याचेही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ सांगितला की, आपला धर्म समजावून सांगण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याला आपल्या धर्मात ओढण्याचा हक्क नव्हे. न्यायालयाची भाषा न्यायालयापाशी राहो. नदीकाठच्या माणसाने त्याचा अर्थ असा घ्यावा की, पाण्यात उतरायचे तर स्वतःच्या पायांनी. कोणी ढकलू नये, आणि उतरणाऱ्याला कोणी मागेही खेचू नये. दोन्ही हातांना सारखाच आवर हवा.

शिंपडणारे आणि बुडवणारे, यांच्या भांडणाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. त्याचा निवाडा आपल्या नागपुरातच झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे सहा वेगवेगळी चर्च एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्यांत बाळांना पाणी शिंपडणारे होते आणि समजत्या माणसालाच बुडवणारेही होते. ते एडर नदीचे डहाणूवाले वारसदारसुद्धा त्यात आले. तोड अशी निघाली की, दोन्ही रीती खऱ्या; ज्या घराला जी रुचेल ती त्याने घ्यावी. ज्या वादापायी झूरिकला माणूस बुडवून मारला, तो वाद साडेचारशे वर्षांनी एका टेबलाशी बसून मिटला. माणसे शहाणी होतात, पण वेळ फार घेतात.

आता शेवटी पुन्हा कारध्याच्या पुलावर येऊ. खाली पाहा. गोसीखुर्दच्या धरणामुळे मागे फुगलेले पाणी भंडाऱ्यापर्यंत येऊन टेकते. वाहती वैनगंगा इथे बरीचशी थबकली आहे. तिकडे नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. मुकुंदराजांनी जिथे ‘विवेकसिंधु’ लिहिला असे परंपरा सांगते, ते हे आंभोरा. मराठीतल्या पहिल्या ग्रंथाचे हे ठिकाण, आणि त्याच्या पायथ्याशी एका शहराची घाण येऊन साचते. पाण्यावर जलपर्णी पसरते. आजीबाई कार्तिकस्नानाला कचरतात. ढिवराच्या जाळ्याला मासा पूर्वीसारखा लागत नाही. अशा पाण्यात बाप्तिस्मा घ्यायचा कोणी? तिकडे यार्देनची तीच गत आहे. शेतीसाठी, शहरांसाठी पाणी वळवून वळवून खालची यार्देन नदी ओढ्याएवढी उरली आहे. ज्या पाण्यात जगातला सर्वांत प्रसिद्ध बाप्तिस्मा झाला, त्याच्या काठावर आता पाण्याची शुद्धता तपासावी लागते.

कॅरी म्हणाला होता, हे नुसते पाणी आहे. आपण म्हणतो, ही आमची आई आहे. वाद घालायचा तर खुशाल घालावा. पण नुसते पाणी म्हणणाऱ्यालाही ते स्वच्छ लागते, आणि आई म्हणणाऱ्याने तर आईला असे ठेवू नये. स्नान करणारा, जाळे टाकणारा, राख सोडणारा, बाप्तिस्मा घेणारा, हे सगळे निदान या एका बाबतीत एका काठावरचे आहेत.

तेव्हा एखाद्या हिवाळ्यात, एखाद्या नदीच्या वळणावर, पांढऱ्या कपड्यांतली चार माणसे पाण्यात उतरताना आपल्याला दिसली, तर कपाळाला आठ्या घालू नका. गर्दी करून त्यांची फजितीही करू नका. घटकाभर थांबा. पाण्यातला माणूस काय उत्तर देतो ते ऐका. ते त्याचे स्वतःचे आहे असे वाटले, तर मनात का होईना, त्याला बरे चिंता. आणि नंतर, कोणी पाहत नसेल तेव्हा, तोच प्रश्न स्वतःला विचारून पाहा. आपण ज्याला ज्याला होय म्हणत आलो, देवाला, जातीला, रीतीला, त्यातले आपल्या तोंडचे किती आणि नुसते कानावरून आलेले किती?

उत्तर मोठ्याने द्यायला नको. नदी ऐकत असते.